स्तन्यस्राव–अनार्तव लक्षणसमूह

बाळाचे अंगावरचे दूध तोडून कित्येक महिने लोटले तरी, किंवा बाळंतपणाशी संबंध नसतानाही, स्तनांतून दूध येत राहणे आणि त्याच काळात पाळी बंद असणे, या दोन तक्रारी एकत्र आढळल्या की त्या स्थितीला स्तन्यस्राव–अनार्तव लक्षणसमूह म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे. बहुतेक वेळा रक्तातील प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्याची ती खूण असते. पाजणे थांबल्यावर सहा महिन्यांपर्यंत थोडेफार दूध येणे साधारणपणे स्वाभाविक मानतात; काही डॉक्टर वर्षभर वाट पाहतात. पाळी नियमित असेल आणि स्तन दाबल्यावर थेंब-दोन थेंब दिसत असतील, तर बहुधा घाबरण्यासारखे काही नसते. उलट ‘अजून येतेय का’ म्हणून रोज दाबून पाहिल्यानेच स्राव चालू राहतो.

दूध आणि पाळी यांचे नाते वैद्यांना फार पूर्वीच जाणवले होते. आयुर्वेदात स्तन्य (दूध) आणि आर्तव (पाळीचे रक्त) हे दोन्ही रसधातूचे उपधातू मानले आहेत. गर्भामुळे आर्तवाचे मार्ग अडतात, ते वर वळते आणि त्याचा काही भाग स्तनांपर्यंत पोचतो, अशी उपपत्ती सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. गर्भ नसताना आणि बाळंतपण झालेले नसताना एखाद्या स्त्रीला दूध येत असेल तर तिची पाळी थांबलेली असते, असे एक सूत्र हिप्पोक्राटीसच्या नावावर ग्रीक परंपरेतही सापडते. रक्त वर चढून त्याचे दूध होते ही कल्पना चुकीची ठरली, पण तिच्यामागचे निरीक्षण अचूक होते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीत (पिट्यूटरी) प्रोलॅक्टिन तयार होते. या ग्रंथीची इतर बहुतेक संप्रेरके वरून, म्हणजे मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागाकडून, चालना मिळाल्यावर स्रवतात. प्रोलॅक्टिनचा कारभार उलटा आहे: हायपोथॅलॅमसमधून येणारे डोपामीन हे रसायन त्याला सतत लगाम घालत असते, आणि तो लगाम सुटला की प्रोलॅक्टिन वाढते. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे ते तयार करणाऱ्या पेशी वाढतात, ग्रंथीचा आकारही वाढतो. तरीही वार पडेपर्यंत दूध भरून येत नाही, कारण तोवर प्रोजेस्टेरॉन त्याला अडवून धरते. पुढे बाळ ओढू लागले की प्रत्येक पाजण्यागणिक डोपामीन घटते आणि प्रोलॅक्टिन उसळते. तेच प्रोलॅक्टिन हायपोथॅलॅमसमधून बीजकोशांकडे जाणाऱ्या संदेशांची साखळी मंदावते, त्यामुळे बीज सुटत नाही आणि पाळी येत नाही.

म्हणजे पाजत्या आईची पाळी बंद असणे हा आजार नव्हे, आणि तिचा काळही ठरावीक नसतो. आफ्रिकेच्या कलाहारी वाळवंटातील कुंग जमातीच्या स्त्रियांच्या अभ्यासात, बाळाला तासातून अनेकदा थोडे थोडे पाजण्याची रीत आणि दोन बाळंतपणांतले सुमारे ४४ महिन्यांचे अंतर यांचा संबंध मेल्विन कॉनर आणि कॅरोल वर्थमन यांनी १९८० साली दाखवला. इटलीतील बेलाजिओ येथे १९८८ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी यावरूनच एक नियम मांडला: बाळ सहा महिन्यांच्या आतले, केवळ किंवा जवळजवळ केवळ अंगावर पिणारे, आणि आईची पाळी सुरू न झालेली, या तिन्ही अटी पाळल्या जात असतील तर गर्भधारणेपासून ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. यातली एक अट सुटली तरी भरवसा संपतो. बाळंतपणानंतरचे पहिले बीज पहिल्या पाळीच्या आधी सुटू शकते, म्हणून मधे एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस राहिलेल्या बायका आपल्याकडे काही दुर्मीळ नाहीत.

पाजणे थांबल्यानंतरही कधीकधी हेच चित्र कायम राहते, अशी नोंद व्हिएन्नाचे प्रसूतितज्ज्ञ योहान बाप्टिस्ट कियारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १८५५ च्या ग्रंथात आली. तो प्रसिद्ध होण्याआधीच, १८५४ मध्ये, कियारी वारले होते. त्याच वर्षी जन्मलेल्या रिखार्ड फ्रोमेल यांनी १८८२ मध्ये बाळंतपणानंतर गर्भाशय आक्रसण्यावर लिहिताना अशाच रुग्णांकडे लक्ष वेधले. त्यावरून प्रसूतीनंतरच्या प्रकाराला कियारी–फ्रोमेल हे नाव पडले. (लहान मेंदूच्या जन्मजात विकृतीला ज्यांचे नाव आहे ते हान्स कियारी हे योहान यांचे पुत्र, दोन्ही नावांची गल्लत नेहमी होते.) बाळंतपणाशी संबंध नसलेला प्रकार अर्जेंटिनातील आउमादा आणि डेल कास्तियो यांच्या नावे गेला. पोष ग्रंथीत गाठ असलेला प्रकार बॉस्टनच्या अ‍ॅन फोर्ब्स आणि फुलर ऑलब्राइट यांनी १९५४ मध्ये मांडला.

या तिन्ही नावांना आता इतिहासापुरतेच महत्त्व उरले आहे. माणसात वाढीच्या संप्रेरकापेक्षा वेगळे प्रोलॅक्टिन असते की नाही, यावर १९७० पर्यंत वाद होता. हेन्री फ्रीझन यांच्या कॅनडातील गटाने ते वेगळे काढले आणि १९७१ मध्ये रक्तात मोजण्याची पद्धत दिली. मग दिसून आले की तिन्ही प्रकारांची जातकुळी एकच आहे. आज ‘बाळंतपणानंतरचे की नाही’ याला दुय्यम स्थान आहे; प्रोलॅक्टिन कशामुळे वाढले, हे शोधणे महत्त्वाचे.

आपल्याकडे याचे उत्तर पुष्कळदा औषधांच्या पिशवीतच सापडते. पित्तासाठी म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या संयुक्त गोळ्यांत डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असते. दोन्ही डोपामीनला रोखतात, आणि रोज सकाळी उपाशीपोटी ‘गॅसची गोळी’ घेणाऱ्या स्त्रीला ती सांगण्यासारखी वाटतच नाही. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि मनोविकारांवरचे रिस्पेरिडोनही तेच करतात. मात्र मनोविकारावरील औषध स्वतःहून बंद करू नये. ते ज्याने दिले त्याच डॉक्टरशी बोलून बदलावे. दुसरे सहज सुटणारे कारण म्हणजे थायरॉइड मंदावणे. तेव्हा हायपोथॅलॅमसचा जो संदेश थायरॉइडसाठी वाढतो, तोच प्रोलॅक्टिनलाही चेतवतो. थायरॉक्सिन सुरू केल्यावर दूध आटते, पाळीही परतते. मूत्रपिंड निकामी होणे किंवा छातीवर नागीण उठणे ही कारणे त्या मानाने विरळा.

पाळी बंद असण्याचे कारण दुधाच्या कारणाहून वेगळेही असू शकते. सर्वांत आधी गरोदरपणाची चाचणी करायची, मग बाकीचे. शासकीय कार्यक्रमात दर तीन महिन्यांनी दिल्या जाणाऱ्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनने पाळी थांबणे अपेक्षितच असते. दुधाच्या बाबतीत उलट चित्र शीहान लक्षणसमूहाचे: बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन पोष ग्रंथीच्या पेशी मरतात, पाळी येत नाही आणि दूधही उतरत नाही.

गरोदर नसलेल्या व न पाजणाऱ्या स्त्रीच्या रक्तात प्रोलॅक्टिन साधारण २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असते. सुईच्या धास्तीनेही ते थोडे चढते, त्यामुळे किंचित वाढलेला आकडा पुन्हा तपासणे योग्य. औषधे, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांचा उलगडा झाल्यावरच एमआरआयची पाळी येते. आकडा २०० च्या वर गेला तर प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या गाठीची शंका बळावते. ही गाठ बहुतेक नेहमी कर्करोगाची नसते. १० मिलिमीटरहून लहान गाठी पुष्कळदा वर्षानुवर्षे तेवढ्याच राहतात. मोठी गाठ वरच्या दृष्टिचेतांवर (डोळ्यांच्या नसांवर) दाब आणते आणि दोन्ही कडांचे दिसणे कमी होते. सतत डोकेदुखी किंवा नजरेत असा फरक असेल तर तपासणी लांबवू नये. स्राव एकाच स्तनातून, एकाच छिद्रातून किंवा रक्तमिश्रित येत असेल, तर हा विषयच वेगळा. तिथे स्तनाची तपासणी आधी.

उपचार कारणानुसार ठरतो. कियारी–फ्रोमेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही स्त्रियांत सगळे आपोआप पूर्ववत होते. गाठ असली तरी शस्त्रक्रिया क्वचितच लागते, कारण डोपामीनसारखे काम करणाऱ्या गोळ्यांनी बहुतेक गाठी आक्रसतात. राय धान्यावरील अर्गट बुरशीच्या संयुगांवरून घडवलेले ब्रोमोक्रिप्टीन रोज घ्यावे लागते आणि मळमळ, चक्कर आणते. नंतर आलेले कॅबरगोलीन आठवड्यातून एकदा-दोनदा पुरते. बाळंतिणीचे दूध आटवण्यासाठी सरसकट ब्रोमोक्रिप्टीन देण्याची पद्धत मात्र आकडीचे झटके आणि पक्षाघात यांच्या तक्रारींनंतर अमेरिकेत १९९० च्या दशकात बंद झाली. पाळी दीर्घकाळ बंद राहिली तर इस्ट्रोजेनअभावी हाडे विरळ होतात, म्हणून मूल नको असलेल्या स्त्रीनेही उपचार टाळू नयेत. आणि गोळी लागू पडली की पाळी दिसण्याआधीच दिवस राहू शकतात, हे तिला पहिल्याच भेटीत सांगावे लागते.