मिळकत आणि मिळकत: उत्पन्नातली दरी वेगळी, संपत्तीतली वेगळी

इंदूरला रामबागेतल्या आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी घर बघून ठरते. कोपऱ्यावरचं ओट्याचं दुमजली घर काकूंचं, म्हणून त्यांच्या नावापुढे २,१०० आधीच लिहून पोरं दारात उभी राहतात. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारं जोडपं सुपर कॉरिडॉरवर आयटीत आहे. त्यांची पावती ५०१ची, कारण ते भाडेकरू. यंदा काकूंनी पोरांना आत बसवलं, हातावर साखरफुटाणे ठेवले आणि म्हणाल्या, "अरे, घर मोठं आहे, पेन्शन कुठे मोठी आहे?"

काकूंची फॅमिली पेन्शन १९,०००, वरचं भाडं ११,०००. झाले ३०,०००. वरच्या दोघांच्या हातात महिन्याला १,६०,००० पडतात, म्हणजे काकूंच्या पाचपटीहून जास्त. पण जागा आज विकायला काढली तर पावणेदोन कोटी सहज येतील. वरच्यांकडे थोडा पीएफ आणि एक गाडी, तीही हप्त्यावर. मग श्रीमंत कोण?

आपल्या भाषेनंच इथे घोळ घालून ठेवला आहे. 'त्याची मिळकत किती?' म्हणजे महिन्याचा पैसा, आणि 'स्थावर मिळकत' म्हणजे घर-जमीन. पुण्याची महापालिका घरावर 'मिळकतकर' घेते, आमची नगर निगम त्यालाच 'संपत्तिकर' म्हणते. 'मिळकतीवर कर भरला' म्हटलं की माझ्या पुण्याच्या आतेभावाला घरपट्टी आठवते आणि मला पगारातून कापलेला टीडीएस. 'विषमता वाढली' म्हणतानाही कुठल्या मिळकतीची, हे कुणी विचारत नाही.

लग्न जुळवताना मात्र कुणाचाही गोंधळ होत नाही. पहिला प्रश्न 'मुलाला पॅकेज किती?' आणि कप खाली ठेवता ठेवता दुसरा, 'घर स्वतःचंच ना?' पहिल्यानं उत्पन्न कळतं, दुसऱ्यानं संपत्ती. अनुभवी मावशी दुसऱ्याचं उत्तर जास्त लक्ष देऊन ऐकतात.

आम्हा इंदूरकरांना हा फरक पाण्यानं शिकवला आहे. नर्मदेचं पाणी बहुतेक भागांत एक दिवसाआड येतं. नळाची धार म्हणजे उत्पन्न, अंगणाखालचा हौद म्हणजे संपत्ती. नळ आलेला असतो तेव्हा गल्लीत सगळे सारखेच दिसतात. लाइन फुटून दोन दिवस पाणी आलं नाही की कुणाकडे हौद आहे ते कळतं. शिवाय हौदाचा मालक टँकर मागवून ठेवू शकतो. ज्याच्याकडे नुसत्या बादल्या आहेत तो टँकर बोलावून रिकामा कशात करणार?

देशाचे आकडेही हेच सांगतात. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या मार्च २०२४च्या अभ्यासानुसार (फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी त्याच्या लेखकांपैकी एक) २०२२-२३ साली भारतातल्या वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा होता आणि संपत्तीतला ४०.१ टक्के. खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे उत्पन्नातले १५ टक्के, आणि संपत्तीतले फक्त ६.४. देश तोच, वर्ष तेच, पण हौदातली दरी धारेतल्या दरीपेक्षा कितीतरी रुंद. मग जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं की भारत जगातला चौथा सर्वाधिक समान देश आहे, गिनी निर्देशांक २५.५ (० म्हणजे सगळ्यांना सारखं, १०० म्हणजे सगळं एकाच्या ताटात). मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस भांडण जुंपलं. खरं तर तो आकडा ना उत्पन्नाचा होता, ना संपत्तीचा. तो होता घरखर्चाचा. माणूस कितीही श्रीमंत झाला तरी पोहे-जिलेबी दोनच प्लेट खातो, बाकीचं प्लॉटमध्ये आणि शेअरमध्ये घालतो. खर्च मोजला की दरी लहानच दिसणार.

ही दरी घरात कुठे बोचते? उत्पन्नातली दर महिन्याला बोचते. शाळेची फी, कोचिंग, आजारपणात सरकारी दवाखाना की खाजगी. संपत्तीतली दरी रोज दिसत नाही. ती दिसते वाईट दिवशी, आणि आयुष्याला सुरुवात करताना. एकाच कंपनीत, एकाच पगारावर असलेली दोन मुलं घ्या. दोघांना ६० लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. म्हणजे कर्ज ४८ लाख, बारा लाख स्वतःचे, वर रजिस्ट्रीचा खर्च वेगळा. ४८ लाखांचा हप्ता, साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर, ४१,६०० रुपयांच्या आसपास. तो दोघांनाही झेपतो. पण एकाच्या वडिलांनी एफडी मोडून बारा लाख दिले, दुसरा ते साठवायला सहा वर्षं घेतो. तेवढ्यात फ्लॅट ६०चा ८० झालेला असतो. पगार पाहिला तर दोघांत काडीचाही फरक नाही, म्हणून 'त्याला जमलं, तुला का नाही?' हा टोमणा दुसऱ्याला घरातूनच ऐकावा लागतो. माझ्या मते विषमतेचं घरातलं सगळ्यात वाईट रूप हेच. वडिलांच्या एफडीचं श्रेय मुलाच्या कर्तृत्वाच्या खात्यावर जमा होतं.

वस्तीवर काय होतं ते बघायला इंदूरच्याच हुकुमचंद कापड मिलपर्यंत जायला हवं. डिसेंबर १९९१मध्ये मिल बंद पडली आणि हजारो घरांची धार एका दिवसात आटली. जमीन मात्र होती तिथेच राहिली, सुमारे ४२ एकर, भर शहरात. पगार थांबलेल्या घरात मुलाची शाळा सुटते, पोरगं हातगाडीवर लागतं. भिंतीपलीकडच्या जमिनीचा भाव मात्र कुणी काम न करताही वाढत राहतो. कामगारांची देणी निघाली २५ डिसेंबर २०२३ला, सुमारे २२४ कोटी, साधारण ४,८०० कामगारांसाठी. भागाकार केला तर माणशी पावणेपाच लाखांच्या आत-बाहेर, बत्तीस वर्षांनी. कित्येकांच्या बाबतीत ते घ्यायला वारसच उरले होते.

कराच्या बाबतीत मला हे खटकतं की धारेवर मीटर आहे, हौदावर जवळजवळ नाही. पगार हातात पडायच्या आधी कापला जातो. वारसा कर १९८५मध्ये गेला, केंद्राचा संपत्ती कर (वेल्थ टॅक्स, घरपट्टी नव्हे) २०१५च्या अर्थसंकल्पात. केंद्राच्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आरक्षणात मात्र दोन्ही मिळकती वेगळ्या तपासतात: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तरी १,००० चौरस फुटांचा फ्लॅट किंवा पाच एकर शेती असेल तर प्रमाणपत्र मिळत नाही. मर्यादा योग्य की अयोग्य यावर वाद घाला, पण प्रश्न बरोबर विचारला आहे.

काकूंकडे आणि वर, दोन्हीकडे पोळ्या करणाऱ्या मावशींना यातलं काही समजवावं लागत नाही. त्यांच्याकडे धार बारीक आणि हौद नाही. गुडघा दुखून आठ दिवस घरी राहिल्या की तो महिना उधारीवर जातो.

काकूंच्या घरातही दरी आहेच, आणि ती आता उघडी पडायला लागली आहे. मुलगा पुण्यात, फ्लॅटवाला. मुलगी देवासला भाड्यानं राहते. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टाच्या घरात मुलीचा वाटा १९५६पासूनच आहे, आणि वडिलोपार्जितात ती २००५च्या दुरुस्तीनं जन्मापासूनची हिस्सेदार झाली. तरीही मुलगा फोनवर 'ताईची हक्कसोडाची सही घेऊन ठेवू' म्हणतो, आणि ताई 'आई आहे तोवर विषय नको' म्हणून टाळते. त्यात बिल्डरचा माणूस दर पंधरा दिवसांनी चक्कर मारतो. परवा तो ओट्यावर बसून गाइडलाइनचा, म्हणजे रजिस्ट्रीसाठी सरकारनं ठरवलेला जागेचा भाव सांगत होता. काकूंनी त्याला चहा दिला, पोरांनी ठेवलेलं पावतीपुस्तक पुढे सरकवलं आणि विचारलं, "एकवीसशेची पावती तुमच्या नावानं फाडू का?"