तोल सांभाळायला किती बिट लागतात?

तळहातावर काठी उभी धरायचीय पण डोळे बंद, आणि समोरचा फक्त 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' एवढंच सांगणार, म्हणजे दर वेळी एकच बिट, तर काठी उभी राहील का? कंट्रोल इंजिनिअरिंगमधे हा प्रश्न लोकांनी फार सिरियसली घेतलाय, कारण सेन्सर एकीकडे, कंट्रोलर दुसरीकडे आणि मधे डिजिटल नेटवर्क असलं की मोजलेला आकडा आहे तसा जात नाही, राउंड करून ठराविक बिटमधे कोंबून पाठवावा लागतो. हेच क्वांटायझेशन.

1990 मधे संशोधक डेलचॅम्प्स यांनी दाखवलं की अस्थिर, म्हणजे काठीसारखी सोडली की कलत जाणाऱ्या, सिस्टिमला राउंडिंगच्या पायऱ्या फिक्स ठेवल्या तर ती सहसा शून्यावर, म्हणजे बरोब्बर तोलाच्या जागी, येऊन थांबत नाही, आसपास घुटमळत राहते. मग 2000 मधे ब्रॉकेट आणि लिबर्झॉन यांनी झूमची आयडिया मांडली, सिस्टिम शून्याजवळ आली की सगळ्याच पायऱ्या बारीक करा, हाताबाहेर गेली की सगळ्याच मोठ्या करा.

आता हिशोब बघा. चूक, म्हणजे सिस्टिम नक्की कुठे आहे याची अनिश्चितता, दर पावलाला दुप्पट होत असेल तर एक बिट तिला अर्धी करतो, म्हणजे जैसे थे, म्हणून सरासरी एकाहून जास्त बिट हवेत. तिप्पट होत असेल तर साधारण 1.58 च्या वर, म्हणजे 2 बिटमधे भागतं! 2004 मधे नायर-एवन्स आणि तातिकोंडा-मिटर यांनी हे पक्कं सिद्ध केलं, आणि मला तरी हा आकडा धक्कादायक छोटा वाटतो.

पण हे कधी, तर 'दुप्पट' हे नक्की माहीत असेल तेव्हा. खऱ्या मशीनमधे लोड बदलतो, पार्ट झिजतात, समजा वाढ 1.8 ते 2.2 पट यात कुठेही असू शकते आणि दर पावलाला बदलतेय. मग आत्ता सिस्टिम बरोब्बर 10 वर आहे हे कळलं तरी पुढे ती 18 ते 22 मधे कुठेतरी, म्हणजे 4 ची अनिश्चितता नव्याने आली, आणि 0.1 वर असेल तर फक्त 0.04 ची. म्हणून इथे एकाच वेळच्या पायऱ्यांमधे दूरच्या बारीक ठेवायच्या आणि शून्याजवळच्या जाड चालतात, म्हणजे आपल्याला सहज सुचेल त्याच्या उलटंच!

आणि वाढ 1 ते 3 पट असेल तर? 10 वरून 10 ते 30, कंट्रोलरने मधला 20 वजा केला तरी उरलं उणे 10 ते अधिक 10, म्हणजे कमी होईल याची गॅरंटीच नाही. इथे कितीही बिट पाठवा, फायबर टाका, काही उपयोग नाही, आधी मशीनचं मॉडेल सुधारावं लागेल.