मोठं विद्यापीठ सोडून लहान कॉलेज : अमेरिकेत एफ-१ व्हिसावर ट्रान्स्फर घेताना

ट्रान्स्फरचा विचार घेऊन कुणी माझ्याकडे आलं, की मी कॉलेजचं नाव नंतर विचारते. आधी विचारते, आत्तापर्यंत किती क्रेडिट (प्रत्येक विषयासाठी मिळणारे, पदवीकडे मोजले जाणारे गुणांक) झाले आणि त्यातले किती तिकडे धरतील? बहुतेकांनी हा हिशेब केलेलाच नसतो, आणि निर्णय नेमका तिथेच अडून बसलेला असतो.

मुलांची तक्रार खरी असते. कोलंबसच्या ओहायो स्टेटमध्ये साठ हजारांच्या आसपास विद्यार्थी आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स किंवा ॲमहर्स्ट कॉलेजात दोन हजारांच्या आसपास. तीनशे जणांच्या वर्गात प्रोफेसरांशी एक शब्दही न बोलता ज्याचं सेमिस्टर संपलं, तो मुलगा 'मला लहान ठिकाणी जायचंय' म्हणाला तर त्याला थेरं म्हणू नका. फक्त एवढं बघा, की त्रास विद्यापीठाच्या आकाराचा आहे की घर सोडल्यानंतरच्या पहिल्या चार महिन्यांचा. ऑफिस अवर्सना, म्हणजे प्रोफेसर विद्यार्थ्यांना भेटतात त्या ठरलेल्या वेळी, जाऊन पाहिलं का? विद्यापीठातल्याच ऑनर्स कॉलेजचे (निवडक विद्यार्थ्यांच्या विभागाचे) लहान वर्ग मिळतात का? हे सगळं करूनही मन लागत नसेल, तर अर्जाच्या तयारीला लागायला हरकत नाही.

पात्रता

बारावीनंतर एखाद्या कॉलेजात पूर्णवेळ शिकत असलेला विद्यार्थी सहसा ट्रान्स्फर अर्जदार धरला जातो. बरीच कॉलेजं प्रवेशाच्या वेळी एक वर्ष पूर्ण झालेलं मागतात. दुसऱ्या बाजूलाही मर्यादा आहे: अनेक लहान कॉलेजांत निदान दोन वर्षं तिथेच शिकल्याशिवाय पदवी मिळत नाही. त्यामुळे तिसरं वर्ष संपवून जाणाऱ्याचं एक वर्ष बहुधा वाया जातं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात दाखल होणं सगळ्यात सोयीचं.

एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर स्टेटस (व्हिसाच्या अटींनुसारचा कायदेशीर दर्जा) शाबूत हवं, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्याने प्रत्येक सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घेतलेले हवेत. मन उडालंय म्हणून डीएसओला, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसातल्या तुमच्या अधिकाऱ्याला, न विचारता विषय सोडू नका. १२ च्या खाली गेलात तर ट्रान्स्फर राहील बाजूला, स्टेटसच धोक्यात येईल. अभ्यास खरोखरच झेपत नसेल किंवा तब्येत बिघडली असेल, तर कमी क्रेडिटची परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यावी लागते.

क्रेडिटचा हिशेब

सेमिस्टर पद्धतीत पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. तुमचं विद्यापीठ क्वार्टर पद्धतीचं असेल तर दीड क्वार्टर क्रेडिट म्हणजे एक सेमिस्टर क्रेडिट. ४५ झाले असतील तर ते ३० धरा. काही लहान कॉलेजं क्रेडिट मोजतच नाहीत, कोर्स मोजतात. ॲमहर्स्टची पदवी ३२ कोर्सची आहे. अशा ठिकाणी तुमचा ३ क्रेडिटचा विषय पूर्ण कोर्स धरणार का, हे आधी विचारून घ्यावं. सी ग्रेडच्या खालचे विषय सहसा घेत नाहीत. क्रेडिट जातात, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, बहुतेक ठिकाणी जात नाही. तो नव्याने सुरू होतो. पहिल्या सेमिस्टरला घसरलेल्या मुलांना याचा मोठा आधार वाटतो, पण प्रवेश देताना जुने ग्रेड बघतातच.

माझ्या भाचीच्या वेळी आम्ही एका रविवारी जेवणाच्या टेबलावर तिचं ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि ग्रेडची अधिकृत नोंद) आणि नव्या कॉलेजचा कॅटलॉग शेजारी शेजारी ठेवून बसलो. ३१ क्रेडिट झाले होते. कॅल्क्युलस विनातक्रार गेलं. प्रोग्रॅमिंगच्या विषयाला त्यांनी सिलॅबस मागितला, तोही आठवड्यागणिक काय शिकवलं ते दाखवणारा; नुसत्या कॅटलॉगमधल्या चार ओळींवर भागलं नाही. इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे ३ आणि प्रोफेशनल स्किल्स नावाच्या एका विषयाचे ४ क्रेडिट शून्य झाले, कारण तिकडे त्या जातीचा विभागच नव्हता. हाती राहिले २४. सात क्रेडिट म्हणजे जवळजवळ अर्धं सेमिस्टर. हे तिला डिपॉझिट भरायच्या आधी कळलं, म्हणून ती डोळे उघडे ठेवून गेली. तेव्हा सिलॅबसच्या पीडीएफ प्रत्येक सेमिस्टरला जपून ठेवा, आणि क्रेडिटचं मूल्यांकन रजिस्ट्रारकडून लेखी घ्या. फोनवरचं 'हो, हो, होऊन जाईल' धरून चालू नका.

मेजरचं, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचंही बघायचं. लहान कॉलेजात वरच्या पातळीचे काही विषय एक वर्षाआड असतात. इंजिनिअरिंग तर बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत नसतंच. स्वार्थमोर, स्मिथ, लाफायेत, हार्वी मड असे अपवाद मोजकेच, आणि त्यातलं स्मिथ पदवीसाठी मुलींचं आहे. आणखी एक बारीक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही: आय-२० वरचा, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या प्रमाणपत्रावरचा सीआयपी कोड. हा अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक. साध्या अर्थशास्त्राचा कोड ४५.०६०१ स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या गटात) मोडत नाही. इकॉनोमेट्रिक्स आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा ४५.०६०३ मोडतो. मेजरचं नाव दोन्हीकडे 'इकॉनॉमिक्स'च असू शकतं, पण पदवीनंतर १२ महिन्यांच्या ओपीटीवर (शिक्षणाशी संबंधित कामाच्या परवानगीवर) आणखी २४ महिने मिळणार की नाही, ते या कोडवर ठरतं. इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून कोड विचारा. एका ओळीचं काम आहे.

कागदपत्रं

पुष्कळ कॉलेजं कॉमन ॲपचा, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच असलेला ऑनलाइन, ट्रान्स्फर अर्ज घेतात. त्याबरोबर आजवर शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट लागतं. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात केलेला एकच विषय असला तरी त्याचंही. विद्यापीठाची काही थकबाकी राहिली असेल तर ट्रान्सक्रिप्ट अडू शकतं, म्हणून आधी खातं तपासा. कॉलेज रिपोर्ट हा फॉर्म सध्याच्या विद्यापीठातल्या अधिकाऱ्याने भरायचा असतो; तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई झालेली नाही वगैरे त्यात येतं. मिड-टर्म रिपोर्टमध्ये चालू विषयांचे सध्याचे ग्रेड येतात. शिवाय बारावीपर्यंतच्या गुणपत्रिका, ट्रान्स्फर का हवी याचा निबंध, आणि मागितला तर इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर.

सगळ्यात अवघड कागद म्हणजे प्रोफेसरांचं शिफारसपत्र. तीनशे जणांच्या वर्गात ज्यांना आपलं नाव माहीत नाही, त्यांच्याकडे ते मागायचं कसं? शरद सत्राच्या प्रवेशाच्या मुदती बहुतेक मार्चच्या आसपास असतात. त्यामुळे जानेवारीपासूनच एखाद्या लहान सेक्शनच्या प्रोफेसरांकडे नेमाने जायला लागा. लेखनाचा जो सक्तीचा विषय असतो, त्याचे वर्ग तुलनेने लहान असतात. तिथून सुरुवात करा.

पालकांसाठी एक सूचना. फर्पा या १९७४ च्या कायद्यामुळे कॉलेज मुलाच्या लेखी संमतीशिवाय त्याची कागदपत्रं आईवडिलांना सहसा दाखवत नाही. रजिस्ट्रार ऑफिसात फोन करून काही हाती लागत नाही म्हणून चिडू नका. ईमेल मुलालाच लिहू द्या.

पैशांचं थोडक्यात: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मेरिट शिष्यवृत्त्या ट्रान्स्फरवाल्यांना अनेकदा मिळत नाहीत, आणि परदेशी विद्यार्थ्यांची मदत त्याहून तोकडी असते. आकडा हाती आल्याशिवाय होकार देऊ नका. मूल अमेरिकन नागरिक असेल तर फाफ्साच्या, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या, अर्जात नवं कॉलेज जोडावं लागतं. सरकारी मदत आपोआप मागे येत नाही.

सेव्हिस ट्रान्स्फर

प्रवेश मिळाला, होकार कळवला, की प्रवेशपत्र घेऊन जुन्या डीएसओकडे जा. ते सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी संगणक प्रणालीत, रिलीज डेट घालतात. त्या तारखेपर्यंत विचार बदलता येतो. तारीख उलटली की तुमचा रेकॉर्ड नव्या कॉलेजच्या हातात जातो. म्हणून सेमिस्टर संपल्यानंतरची तारीख मागा. कॅम्पसवरची नोकरीही त्याच दिवसापर्यंत चालते.

नवं कॉलेज एका वर्षाच्या खर्चाइतके पैसे दाखवणारी बँकेची कागदपत्रं घेऊन नवा आय-२० देतं. सेव्हिस क्रमांक तोच राहतो, सेव्हिसची ३५० डॉलरची फी पुन्हा भरावी लागत नाही. उन्हाळ्यात भारतात येऊन जायचं असेल आणि व्हिसाची मुदत बाकी असेल, तर त्यावर जुन्या विद्यापीठाचं नाव असलं तरी चालतं. परतताना आय-२० मात्र नवा हवा.

दोन मुदती लक्षात ठेवायच्या. वर्ग रिलीज डेटपासून पाच महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. मेमध्ये संपवून ऑगस्टअखेर सुरू केलं तर काळजी नाही. डिसेंबरमध्ये वैतागून सोडलं आणि प्रवेश पुढच्या ऑगस्टचा असेल, तर मात्र हे अंतर पाच महिन्यांत बसत नाही. अशा वेळी मधलं सेमिस्टर जुन्याच ठिकाणी पूर्ण करणं बरं. आणि नव्या कॉलेजचं सत्र सुरू झाल्यापासून १५ दिवसांत तिथल्या डीएसओकडे नोंदणी करायची.

जुना आय-२० नवा मिळाल्यावर टाकून देऊ नका. पुढे व्हिसाच्या कुठल्याही अर्जाच्या वेळी आधीचे सगळे आय-२० मागितले जाऊ शकतात.