घरगुती मशीन शॉप (नाशिक)

पडवीत, गॅरेजात किंवा तळमजल्याच्या खोलीत लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापणारे यंत्र), ड्रिल आणि ग्राइंडर मांडून हौसेने धातूकाम करण्याचा छंद. विकायचा माल काढणे हा त्याचा हेतू नसतो. पितळी दिवा, वाफेचे छोटे इंजिन, जुन्या स्कूटरचा आता न मिळणारा बुश (दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी) अशी कामे त्यावर निघतात. पण सगळ्यांत जास्त निघतात ती लेथलाच लागणारी साधने.

नाशिकला तांबट-कासारांचा वारसा जुना. 1964 मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, पुढे सातपूर आणि अंबडच्या वसाहती वाढल्या. मायकोत (आताच्या बॉशमध्ये) डिझेल इंजेक्टरचे नोझल बनतात, तिथे मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) भाषा रोजची. निवृत्त टर्नरशेजारी (लेथवरच्या कारागिराशेजारी) बसून टूलला धार लावायला शिकणे हे नवख्याला इथे लाभणारे मोठे भाग्य आहे.

लेथची किंमत हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता. लेथ बेडच्या, म्हणजे खालच्या लांब बैठकीच्या, फुटांवर ओळखला जातो. घरी बहुधा साडेचार फुटी येतो, राजकोट किंवा बटाल्याच्या बनावटीचा, अनेकदा बंद पडलेल्या वर्कशॉपमधून. त्याचे वजन काहीशे किलो, म्हणजे टेम्पो, चेनपुली आणि पक्की फरशी आली. मोटर थ्री फेज आणि घरात सिंगल फेज, म्हणून व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज वीज देणारे उपकरण) लागतो; शिवाय लहान मोटर बहुधा स्टारमध्ये जोडलेली असते, ती व्हीएफडीच्या कमी व्होल्टेजवर चालावी म्हणून डेल्टा जोडणीत बदलावी लागते. वीज मात्र फारशी जळत नाही: एक एचपीला पूर्ण भारावर तासाला साधारण एक युनिट. खिसा रिकामा होतो तो फोर-जॉ चक (चार जबड्यांची पकड), ड्रिल, टॅप (भोकात आटे पाडणारे हत्यार), रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) आणि मापनसाधनांवर. मायक्रोमीटर तर दर 25 मिमीच्या टप्प्याला वेगळा. कार्बाइड इन्सर्ट (टूलच्या टोकाला लावायचा कठीण, बदलता तुकडा) हलक्या, थरथरत्या मशीनवर पटकन तुटतो, म्हणून स्वतः घासलेले एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलच घरी परवडते.

जुन्या लेथचा लीडस्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) बऱ्याचदा इंची असतो. त्यावर मेट्रिक आटे अचूक पाडायचे तर 127 दात्यांचे गिअर लागते, कारण 25.4 ची पाचपट 127 होते. हे एक गिअर नसल्याने कामे महिनोन्महिने अडतात. बोलण्यात मात्र इंच आणि मिलिमीटर सुखाने नांदतात: दांडा 'चार सुताचा' (अर्ध्या इंचाचा), त्यावरचे आटे मेट्रिक.

बेड नीट लेव्हल केला नाही, त्याला पीळ पडला, की दांड्याला टेपर (निमुळतेपणा) येतो, आणि हौशी माणूस दोष टूलला देत राहतो. दुसरी फसगत तापमानाची. 50 मिमी व्यासाचा पोलादी जॉब (कामाचा तुकडा) कापताना 40 अंशांनी तापला तर सुमारे 23 मायक्रॉन फुगतो. गरम असताना बरोबर आलेले माप थंड झाल्यावर ढिले बसते. डिसेंबरच्या पहाटे थंडगार मायक्रोमीटर हातात घेणाऱ्याने दोन्ही वस्तू आधी एका तापमानाला येऊ द्याव्यात.

हातमोजे घालून लेथ चालवू नये, चकची चावी चकात कधीही सोडू नये. घरी मदतीला धावणारा सहकारी नसतो, म्हणून हे नियम कारखान्याहून कडक पाळावेत.

पावसाळ्यात उघड्या बेडवर रात्रीत गंज धरतो. काम संपले की तेलाचा हात फिरवावाच लागतो. खंडेनवमीला बेड पुसून, हळदकुंकू वाहून, चकाला झेंडूचा हार घालतात आणि त्या दिवशी मशीन बंद ठेवतात.