आठ पतंग, सलग तीन रात्री: शोधनिबंधाची मांडणी इतकी काटेकोर कशासाठी?

पेरणी होऊन दीड महिना उलटला की वऱ्हाडातल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, कामगंध सापळे दिसू लागतात. वर झाकण, खाली लांब पिशवी आणि आत मादी पतंगाच्या गंधाची छोटीशी ल्यूर, म्हणजे आमिष. गुलाबी बोंडअळीचे नर पतंग त्या गंधाला भुलून आत शिरतात आणि अडकतात. अळी बोंडात शिरली की बाहेरून काही कळत नाही आणि फवाराही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पतंगांची मोजणी महत्त्वाची. एका सापळ्यात एका रात्रीत आठ पतंग, असे सलग तीन रात्री झाले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे धरतात आणि मग फवारणीचा सल्ला देतात.

ही मोजणी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या शोधनिबंधाचे पहिले हस्तलिखित वाचायला येते, तेव्हा त्यात हमखास असे एक वाक्य असते: ‘शेतात कामगंध सापळे लावून दर आठवड्याला पतंगांची नोंद घेतली.’ वाक्य शुद्ध आहे, खरेही आहे, पण त्याचा कोणालाच उपयोग नाही. समजा, आठवड्याला ३० पतंग मिळाले. सरासरी काढली तर रात्रीला चार-साडेचार, म्हणजे काळजीचे कारण नाही. पण त्यातले २७ सलग तीन रात्रींत आले असतील, तर पातळी केव्हाच ओलांडली गेली आणि फवारणीची वेळही निघून गेली. पतंग तेवढेच, आठवडा तोच, निष्कर्ष मात्र उलटा. इथेच पाणी मुरते.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. हेक्टरी सापळे किती होते? पिकाच्या शेंड्यापासून किती उंचीवर? ल्यूर किती दिवसांनी बदलली? वाण कोणते, पेरणी कोणत्या तारखेची? शेजारच्या वावरात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटता ठेवलेली कपाशी, उभी होती का? जवळपास जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना, होते का? सरकीतून निघणारे पतंग आसपासच्या शेतांत उतरतात, त्यामुळे जिनिंगजवळच्या शेतातला आकडा आणि आडबाजूच्या गावातला आकडा एका रकान्यात बसत नाहीत. आता हेच वाक्य असे लिहिले तर पाहा: ‘१ ऑगस्टपासून हेक्टरी पाच सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा एक फूट उंच लावले, ल्यूर दर २१ दिवसांनी बदलली, रोज सकाळी पतंग मोजून नष्ट केले.’ हे वाचून तेलंगणातला किंवा टेक्सासमधला माणूस तोच प्रयोग आपल्या शेतात करू शकतो, आणि आपले चुकले असेल तर तसे दाखवूनही देऊ शकतो.

नियतकालिके मांडणीचा एवढा आग्रह का धरतात, याचे माझ्या मते हेच खरे उत्तर आहे. समास किती, ओळींमध्ये अंतर किती, सारांश २५० शब्दांत का, आकृतीचे शीर्षक खाली आणि तक्त्याचे वर का, हे सगळे नव्या संशोधकाला जाचक वाटते. काही नियम निव्वळ छपाईच्या सोयीचे असतात, ते पाळावेत आणि पुढे जावे. पण मोठे नियम वाचकाच्या हक्काचे आहेत. ज्याने आपले गाव पाहिलेले नाही, आपल्याला ओळखत नाही, त्याने केवळ आपल्या शब्दावर विश्वास का ठेवावा? त्याला पडताळता येईल असे लिहिले, की हुद्दा, संस्था, शहर यांचे वजन कमी होते. आडगावातल्या कॉलेजचा माणूस मोठ्या विद्यापीठाच्या बरोबरीने उभा राहतो तो इथेच.

ही रीत काही एका दिवसात ठरली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले, तेव्हा त्यातले बरेचसे लेखन पत्रांसारखे होते: मी हे पाहिले, मग ते केले. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा ही चार भागांची मांडणी विसाव्या शतकात रुळली. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि हस्तलिखितांसाठी समान नियम ठरवले. मजकुरात क्रमांक आणि शेवटी त्याच क्रमाने संदर्भ, ही ‘व्हँकुव्हर’ पद्धत त्यातूनच आली.

विदर्भाच्या खेड्यातला डेटा जगाने मान्य केल्याचे सर्वांत मोठे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा नवजात बालकांच्या घरगुती काळजीवरचा निबंध १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन बाळाला तपासत, आजारी बाळावर उपचार करत. त्याची कहाणी अनेकांनी ऐकलेली असते. मी विद्यार्थ्यांना त्या निबंधाची मांडणी वाचायला सांगतो. ३९ गावांत ही सेवा दिली आणि शेजारच्या ४७ गावांत दिली नाही, पण जन्म-मृत्यूची मोजणी दोन्हीकडे केली. सेवा सुरू होण्याआधी नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे एकीकडे ६२ आणि दुसरीकडे ५८ होता. तिसऱ्या वर्षी तो सेवेच्या गावांत २५.५ वर आला, तुलनेच्या गावांत ५९.६ राहिला. आधीचा फरक हिशेबात धरून घट निघाली सुमारे ६२ टक्के.

आता यातली ४७ गावे काढून टाका. मृत्युदर ६२ वरून २५ वर आला, एवढेच उरते. मग कोणीही म्हणू शकते की पाऊसपाणी चांगले झाले असेल, रस्ते झाले असतील, सरकारी दवाखाना सुधारला असेल. तुलनेच्या गावांतला जवळपास न हललेला आकडा या सगळ्या शंकांना उत्तर देतो. तसेच सेवा सुरू होण्याआधीची मोजणी नसती, तर ‘ही गावे मुळातच बरी होती’ असे म्हणायला जागा राहिली असती. निबंधातला हा तक्ता रुक्ष दिसतो, पण घरोघरी फिरलेल्या त्या स्त्रियांच्या कामाचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे.

एककांची गोष्ट आपल्याकडे विशेष जपावी लागते. आपला शेतकरी उत्पन्न सांगतो एकरी क्विंटलमध्ये, नियतकालिक मागते हेक्टरी किलो. एकरी ८ क्विंटल म्हणजे हेक्टरी साधारण १,९७५ किलो. हे गणित सोपे आहे. पण हे वजन सरकीसह कापसाचे आहे. देशाची आकडेवारी मात्र रुईची असते, १७० किलोच्या गाठींमध्ये मोजलेली. सरकी काढल्यावर रुई उरते वजनाच्या साधारण एक तृतीयांश. तक्त्यावर नुसते ‘कापसाचे उत्पादन’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याची तिप्पट चूक होऊ शकते, आणि पुढे कोणी दहा निबंधांचे आकडे एकत्र केले की ती चूक तिथेही शिरते. ‘सरकीसह’ हा एक शब्द तेवढी सगळी गडबड वाचवतो.

एक्सेलच्या सवयीही माहीत असू द्या. प्लॉटला ३-४ असा क्रमांक दिला की एक्सेल त्याची मुकाट्याने तारीख करून टाकते. हा घोटाळा फक्त आपल्याकडचा नाही. जनुकांच्या नावांच्या तारखा झाल्यामुळे जनुकशास्त्रातल्या कितीतरी निबंधांच्या पुरवणी फायली बिघडल्याचे २०१६ मध्ये उघड झाले, आणि पुढे काही जनुकांची नावेच बदलावी लागली. म्हणून नोंदी भरण्याआधी त्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करून घ्यावा.

संख्याशास्त्राबद्दल एवढेच, की तक्त्याखाली ‘सीडी (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे दोन सरासरींतला किती फरक खरा धरायचा ती मर्यादा) पाच टक्क्यांना’ एवढे लिहून काम भागत नाही. प्रयोगाची आखणी कोणती, रेप्लिकेशन (पुनरावृत्ती) किती, सरासरीपुढचा ± म्हणजे प्रमाण विचलन (नोंदी किती विखुरल्या आहेत) की प्रमाण त्रुटी (सरासरी किती अनिश्चित आहे), हे सांगायलाच हवे. प्रमाण त्रुटी नेहमी लहान दिसते, त्यामुळे न सांगता ती वापरली तर वाचकाची फसवणूक होते.

सर्वेक्षण असेल तर प्रश्न कोणत्या भाषेत विचारले तेही लिहावे. छापील प्रश्नावली प्रमाण मराठीत, विचारणारा वऱ्हाडीत बोलणारा आणि उत्तर देणारी आजी माडिया ही आदिवासी भाषा बोलणारी असेल, तर मधला दुभाषी कोण होता हा पद्धतीचाच भाग आहे. संमती कशी घेतली, नैतिक समितीची मान्यता कधी मिळाली, हे तर आता कोणतेही बरे नियतकालिक पहिल्याच पानावर विचारते.

संदर्भसूचीवर आठवडे घालवू नयेत. झोटेरोसारखे मोफत सॉफ्टवेअर नियतकालिकाप्रमाणे शैली बदलून देते, आणि संदर्भ आपल्याच संगणकावर साठवत असल्यामुळे नेट गेले तरी काम अडत नाही. मात्र जो निबंध उघडून वाचलेला नाही तो सूचीत घालू नये. दुसऱ्याच्या सूचीतून उचललेल्या संदर्भासोबत त्याची चुकीची सालेही येतात.

नियतकालिक निवडताना मात्र फार जपावे. बढतीसाठी निबंध हवा असतो, आणि ‘तीन दिवसांत स्वीकृती, शुल्क अमुक’ असा ईमेल नेमका तेव्हाच येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाल्यामुळे यादीत नाव पाहून निश्चिंत होण्याची सोयही राहिलेली नाही. संपादक मंडळातली माणसे खरोखर त्या विषयातली आहेत का ते शोधावे, जुन्या अंकांतले दोन-तीन निबंध पुरते वाचावेत. परीक्षण तीन दिवसांत होत नसते.

खऱ्या परीक्षणाचे पत्र बहुधा मोठ्या दुरुस्त्या सुचवते, आणि ते नकाराचे पत्र नसते. प्रत्येक मुद्द्याला वेगळे उत्तर द्यावे, बदल कुठे केला ते पान आणि ओळ देऊन सांगावे, पटले नाही तिथे कारणासह तसे लिहावे. अडचण होते ती मुळात मोजलेच नसेल तेव्हा. पावसाची नोंद ठेवली नसेल तर जवळच्या पर्जन्यमापक केंद्राची मिळवता येते. पण पेरणीआधीचा मातीचा नमुना काढलाच नसेल, तर पुढच्या खरिपापर्यंत थांबण्याखेरीज इलाज नाही. म्हणून ज्या नियतकालिकाकडे निबंध पाठवायचा, त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना मे महिन्यातच काढून वाचाव्यात आणि प्रयोगाच्या वहीचे रकाने त्याप्रमाणे आखून मगच पेरणी करावी.