गाडी उंच करायच्या आधी ट्रेलर किती वजनाचा ते सांगा

आमच्याकडे पिकअप किंवा फोर बाय फोर घेऊन येणारे बरेचजण आल्या आल्या लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) आणि मोठ्या टायरचं विचारतात, आणि काम अर्ध्यावर आलं की सहज बोलून जातात, अधूनमधून ट्रेलर पण ओढतो हो. हे आधी कळलं तर तुमचेच पैसे वाचतात.

टायरचंच घ्या. २९ इंची काढून ३३ इंची टाकले की चाक एका फेऱ्यात साधारण १४ टक्के जास्त अंतर जातं, म्हणजे स्पीडोमीटर आधी बरोबर असेल तर आता तो १०० दाखवताना गाडी ११४ ने पळतेय, आणि डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकांना देणाऱ्या गिअरच्या संचाचा, ४.१० रेशो ३.६० असल्यासारखा वागतो, म्हणजे चाकांना जोर कमी मिळतो. रिकाम्या गाडीत चालून जातं. मागे ट्रेलर लावून चढाला लागलात की इंजिनला दम लागतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सारखा वरखाली करतो आणि त्याचं तेल तापतं. गिअरबॉक्स बहुतेक वेळा या उष्णतेनेच मरतो. म्हणून टायर मोठे करणार आणि ओढणार पण असाल तर डिफरन्शियलचे गिअर बदलणं आणि ऑइल कूलर बसवणं त्याच खर्चात धरा, नाहीतर टायर आहेत तेच राहू द्या, आम्ही स्पष्टच सांगतो.

दुसरं म्हणजे हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडतो त्या जागेवर, पडणारा भार. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा, म्हणजे २००० किलोचा ट्रेलर असेल तर २०० ते ३०० किलो, आणि हे सगळं गाडीच्या पेलोडमधूनच, म्हणजे गाडी जेवढं वजन वाहू शकते त्यातूनच जातं, त्यातच माणसं, विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र), लोखंडी बंपर, रूफ रॅक, सगळं आलं. मागून गाडी बसते म्हणून मागच्या सस्पेन्शनला एअरबॅग (हवा भरायच्या रबरी पिशव्या, अपघातात उघडणाऱ्या नव्हे) टाकून घेतात, त्याने गाडी सरळ उभी राहते हे खरं, पण अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक तेच राहतात, क्षमता एक किलोनेसुद्धा वाढत नाही. दाराच्या चौकटीवर स्टिकर असेल तर त्यावरचा पेलोडचा आकडाच खरा, नसेल तर मॅन्युअल बघा.

हिचवर भार कमी पडला, म्हणजे माल मागे भरला, तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका, स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडा, आणि ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर गाडीतल्या त्याच्या कंट्रोलरवरून हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावा. मग थांबून माल पुढे घ्या.

आणि एक कळकळीचं. चिखलात रुतलेली गाडी टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला) पट्टा अडकवून कधीच ओढू नका. झटक्याने बॉल तुटला तर तो काच फोडून आत येतो, यात माणसं गेलीत. चॅसिसला बोल्ट केलेला रिकव्हरी पॉइंट (पट्टा अडकवायचा मजबूत हुक) वापरा आणि ओढताना बाकीच्यांना लांब उभं करा.

हिचवरचा भार मोजायला येताना ट्रेलर रिकामा आणू नका, नेहमी भरता तसाच भरून आणा. नवीन चाकं बसवून नेलीत तर ८०-१०० किलोमीटरनंतर नट परत टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलंय ते मोजणाऱ्या पान्याने) तपासून घ्या, आमच्याकडे या किंवा जवळ असेल तिथे करा, पण करा.