गोदीच्या आधीचा किनारा : ‘दीवार’ची पार्श्वभूमी

यश चोप्रा दिग्दर्शित आणि गुलशन राय निर्मित ‘दीवार’ हा चित्रपट २४ जानेवारी १९७५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा तस्करांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याची मुभा देणारा ‘कॉफेपोसा’ कायदा होऊन जेमतेम महिना उलटला होता आणि आणीबाणी यायला पाच महिने बाकी होते. सलीम-जावेद यांच्या पटकथेतला थोरला विजय गोदीत हमाली करता करता सोन्याच्या तस्करीत शिरतो, धाकटा रवी पोलिसात फौजदार होतो आणि दोघांची आई धाकट्याच्या बाजूने उभी राहते. हे सारे मुंबईत घडते, आणि सोनेही जणू मुंबईतच उगवल्यासारखे येते. कोकणातल्या प्रेक्षकाच्या मनात मात्र पडद्यावर न दिसणारा एक टप्पा आपोआप भरला जातो. शहरात पोहोचण्याआधी असा माल कित्येकदा एखाद्या खाडीच्या तोंडाशी, काळोख्या रात्री, होडीतून वाळूवर उतरलेला असे.

कथेचा सांगाडा जुना आहे. ‘मदर इंडिया’त (१९५७) आईच बंडखोर मुलावर गोळी झाडते, तर ‘गंगा जमुना’त (१९६१) दरोडेखोर झालेला थोरला भाऊ पोलीस झालेल्या धाकट्याच्या गोळीने मरतो. या दोन चित्रपटांशेजारी ‘दीवार’ ठेवला की चौकट कुठून आली ते विचारावे लागत नाही. बदलला तो गुन्हा. सावकार, शेत आणि डोंगरदऱ्या जाऊन त्यांच्या जागी गोदी, हप्ता आणि सोन्याची बिस्किटे आली. चंबळच्या दरोडेखोरांनी एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रे ठेवली होती, आणि कायद्याबाहेरच्या नायकासाठी हिंदी पटकथाकारांना नवा धंदा हवाच होता, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

हा धंदा जन्मला तो कायद्यातून. स्वातंत्र्याच्या सुमारास सोन्याच्या आयातीवर निर्बंध आले आणि देशातला भाव बाहेरच्या भावापेक्षा कितीतरी वर राहू लागला. लग्नात सोने हवेच असे मानणाऱ्या समाजात मागणी काही घटली नाही, त्यामुळे हा फरक ज्याच्या खिशात जाईल तो श्रीमंत होणार हे ठरलेलेच होते. त्या काळी आखातातल्या संस्थानांत भारतीय रुपयाच चलन म्हणून चालत असे. सोन्याच्या मोबदल्यात तिकडे गेलेले रुपये बँकांमार्फत परत येत आणि त्यांपायी भारताला परकीय चलन मोजावे लागे. ही गळती थांबवण्यासाठी १९५९ साली रिझर्व्ह बँकेने केवळ आखातात चालणाऱ्या वेगळ्या नोटा काढल्या, यावरून प्रकरण किती हाताबाहेर गेले होते याची कल्पना यावी. पुढे चिनी आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. कारागीर सोनारांवर त्यामुळे बेकारीची पाळी आली. कॅरटची अट नंतर मागे घेतली गेली, परंतु १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने बाकीचा फास कायम ठेवला. लोकांनी सोने घेणे सोडले नाही. ते कोणाकडून घ्यायचे, एवढेच बदलले.

दुबईहून निघालेल्या गलबतांत प्रामुख्याने दहा तोळ्यांची, म्हणजे सुमारे ११६ ग्रॅमची बिस्किटे असत. शंभर बिस्किटांचे वजन साडेअकरा किलोंच्या आसपास भरते. कप्पे शिवलेल्या कॅनव्हासच्या जाकिटात घालून एक माणूस ते अंगावर वाहून नेऊ शकतो. परतीच्या खेपेला भारतातून चांदी जाई. गलबत किनाऱ्यापासून दूर उभे करायचे, अंधार पडल्यावर लहान लाँच किंवा मचवा त्याला भिडवायचा आणि भरतीची वेळ साधून माल उतरवायचा, अशी ती रीत होती. ‘लँडिंग’ हा इंग्रजी शब्द किनारपट्टीच्या बोलीत घट्ट बसला तो याच कामामुळे. पावसाळ्यात दर्या बंद असे. नारळी पौर्णिमा झाली की मासेमारीबरोबर हाही हंगाम उघडे.

या कामाला कोकणइतका सोयीचा किनारा शोधून सापडणार नाही. महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किलोमीटर किनाऱ्याला धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्यांनी जागोजाग आत कापलेले आहे. या बंदरांतून पिढ्यान्‌पिढ्या मालाची ने-आण झाली होती आणि खडक, वाळूचे बांध, उधाणाच्या वेळा ठाऊक असलेले तांडेल व खलाशी गावोगाव होते. दक्षिणेला, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या गोव्यात आयातीवर भारतासारखे कडक निर्बंध नव्हते. परदेशी घड्याळे, कापड, दारू आणि सोने तिथून हद्द ओलांडून बांदा-सावंतवाडीच्या बाजूला येई. गोवा मुक्त झाल्यावर ही जमिनीवरची वाट संपली आणि समुद्राची वाट अधिक मोलाची ठरली. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण किनाऱ्यावरच्या माणसाला सरसकट तस्कर म्हणण्याची सवय शहराला आहे. भांडवल आणि नफा मुंबईत व दुबईत होता, आणि गावातल्या माणसाच्या हाती येई ती रात्रीच्या ओझ्याची मजुरी.

गोदीचे चित्रण हा ‘दीवार’चा सर्वांत भक्कम भाग आहे. मुंबईची प्रिन्सेस गोदी १८८० ची, व्हिक्टोरिया १८८८ ची आणि अलेक्झांड्रा (आजची इंदिरा गोदी) १९१४ ची. याच व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा त्यातल्या सोन्याच्या लगडी आसपास उडाल्या होत्या. मुंबईच्या गोदीला सोन्याचा जाच काही नवा नव्हता. भाऊचा धक्का या गोद्यांना लागूनच आहे, त्यामुळे रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतून बोटीने आलेल्या कित्येक चाकरमान्यांना मुंबईचे पहिले दर्शन घडले ते गोदीच्या शेजारातच. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी पोलिसात. गोदीतले काम पूर्वी मुकादमाच्या मर्जीवर चाले. आज बोलावले तर पोट भरले, उद्याचे उद्या. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने नोंदणीची आणि पाळीची व्यवस्था घालून दिली, तर बाजारातल्या हमालांसाठी अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला. चित्रपटातली हप्तेवसुली पाहताना हा इतिहास लक्षात ठेवलेला बरा. विजय गुंडांना एकट्याने झोडपतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो; प्रत्यक्षात मजुराच्या हाती जे आले ते संघटनेने आणि कायद्याने. त्यातही विजयचा बाप कामगार पुढारीच असतो, मालक त्याच्या कुटुंबाच्या जिवावर उठून त्याच्याकडून सही घेतो आणि मुलाच्या हातावर ‘मेरा बाप चोर है’ गोंदवले जाते. संघटना हरली म्हणून मुलगा एकटा लढतो, हा पटकथेचा खरा धागा मला वाटतो, आणि आई-मुलाच्या प्रसंगांच्या गाजावाजात तो हरवतो.

विजयची व्यक्तिरेखा हाजी मस्तान याच्यावर बेतलेली असल्याचे नेहमी बोलले जाते. मस्तान मूळचा तमिळनाडूचा, मुंबईच्या गोदीत हमाली केलेला आणि पुढे तस्करीत शिरलेला, एवढे साम्य खरेच आहे. चित्रपटातले भाऊ, आई, बापाचा कलंक आणि देवळातला शेवट मात्र मस्तानच्या चरित्रातले नव्हेत. सप्टेंबर १९७४ मध्ये सरकारने ‘मिसा’ हा अंतर्गत सुरक्षेसाठीचा स्थानबद्धतेचा कायदा तस्करांनाही लावला, मस्तान, युसूफ पटेल, दमणचा सुकूर नारायण बखिया ही नावे घरोघरी पोहोचली आणि डिसेंबरात ‘कॉफेपोसा’ आला. ‘दीवार’ पाहायला गेलेल्या प्रेक्षकाला तस्कर म्हणजे कोण, हे समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

एका बाबतीत मात्र चित्रपटाने सोयीस्कर बदल केला. समुद्रातून आलेले सोने पकडणे हे प्रामुख्याने कस्टमचे आणि १९५७ साली स्थापन झालेल्या महसूल गुप्तचर संचालनालयाचे काम होते. चित्रपटात तो सारा भार पोलीस फौजदारावर येतो. दोन भावांच्या गोष्टीला खाकी गणवेश हवा होता, एवढेच त्याचे कारण असावे.

एकाच घरात पोलीस आणि तस्कर ही कल्पना त्या वेळी नाट्यमय वाटली असेल. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातल्या मुंबके गावचे एक हवालदार मुंबई पोलिसात गुन्हे शाखेत होते, आणि त्यांचाच मुलगा दाऊद इब्राहिम चित्रपटानंतरच्या दशकात त्या धंद्याचा सर्वांत मोठा सूत्रधार झाला. तिथे भाऊ भावाच्या समोर उभा राहिला नाही. दोघेही बापाच्या विरुद्ध वाटेने गेले आणि त्यांपैकी एक, साबीर, १९८१ मध्ये टोळीयुद्धात मारला गेला.

१९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून ५ किलोपर्यंत सोने आणता येऊ लागले, आणि ज्या फरकावर हा धंदा उभा होता तो आटला. वाटा मात्र तशाच राहिल्या. जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली ती याच वाटांनी, आणि पुढे मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्यांमध्ये कस्टमचे व पोलिसांचे लोकही होते. तस्करांच्या मालमत्ता जप्त करणारा ‘साफेमा’ कायदा आणीबाणीत, १९७६ साली झाला होता. त्याच कायद्याखाली नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबके गावातल्या दाऊदच्या कुटुंबाच्या जमिनींचा लिलाव झाला.